तीन वेळा घेतलेला निरोप

बारावीचं ते वर्ष आठवलं की मला आधी इस्त्रीचा वास येतो. फिकट गुलाबी रंगाची, पांढऱ्या चिकनकामाची एक साडी, तिच्यावर शिंपडलेलं पाणी आणि वर आईचं पुटपुटणं. ती साडी आई आणि मी अमीनाबादच्या बाजारात जाऊन आणली होती. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग घातला आणि आई त्याला म्हणाली, "भैया, इसका पदर दिखाओ ना." पदर म्हणजे काय ते त्याला कळेना. आई पदर पदर म्हणत राहिली, तो एकेक साडी उलगडत राहिला, आणि शेवटी मी "पल्लू" म्हटल्यावर दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले, जणू हा शब्द मीच इतका वेळ लपवून ठेवला होता. शाळा सुटताना बारावीच्या मुलींनी निरोप समारंभाला साडी नेसायची अशी पद्धत होती. एकदाच नेसायची म्हणून आईनं नाजूक कापड घेतलं. त्याच समारंभाला ती तीन वेळा नेसावी लागेल हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

आम्ही तेव्हा हिंदी मुलखात, विकास नगरला राहायचो. बाबा एका संशोधन संस्थेत पिकांवर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास करायचे. घरात ब्रेडला बुरशी आली की आई ओरडायची आणि बाबा चष्मा शोधायचे. आई मूळची साताऱ्याची. सकाळी कुकरच्या शिट्ट्या, खाली गल्लीत सब्जीवाल्याची आरोळी आणि वरून आईचं "धनिया ताजा आहे का?" हे सगळं एकाच वेळी चालायचं. आई हिंदीत सुरुवात करायची, पण रागावली की सरळ मराठीत शिरायची, आणि गंमत म्हणजे सब्जीवाला त्यानंतरच भाव कमी करायचा. माझी धाकटी बहीण सई तेव्हा माझ्याच शाळेत आठवीत होती. तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची. "सई, जेवायला ये" म्हटलं की "आ रही हूँ ना, यार." तो "यार" ऐकला की आई दर वेळी पोळी तव्यावर आपटायची. माझं नाव ऋजुता. घरात ते नीट उच्चारलं जायचं. शाळेत मात्र मी पहिलीपासून बारावीपर्यंत "रिजुता" होते, आणि भाषणाच्या स्पर्धेत नाव पुकारलं की "कुमारी रिजूता" असं लांबवून.

भाषणांबद्दल आता सांगायलाच हवं, कारण सगळा गोंधळ तिथूनच निघाला. शाळेत माझं मोठं नाव होतं. मराठी मुलगी असून काय हिंदी बोलते, असं सगळे म्हणायचे. आंतरशालेय स्पर्धांच्या दोन शील्ड मी आणल्या होत्या आणि त्या प्रिन्सिपॉल सक्सेना मॅमच्या खोलीत काचेच्या कपाटात होत्या. खरं असं होतं की माझ्याकडे आवाज होता. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज. पण त्या आवाजात बोलायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. ते सगळं नौशीनचं होतं.

नौशीन माझ्या एक वर्ष मागे होती. बारीक अंगाची, दोन्ही हात नेहमी स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेली. मी दहावीत असताना शाळेच्या व्हॅनमध्ये माझ्या भाषणाचे कागद सीटवर राहिले. दुसऱ्या दिवशी तिनं ते परत दिले, तर त्यावर लाल पेनानं इतकं खोडलेलं होतं की माझं एकच वाक्य जिवंत होतं. "दीदी, यह भाषण नहीं, गाइड बुक है," ती म्हणाली, आणि तिनं स्वतः लिहिलेली दोन पानं माझ्या हातात ठेवली. ती पानं मी स्टेजवर वाचली आणि पहिली आले. त्यानंतर हे चालूच राहिलं. ती स्टेजवर यायला कधीच तयार नव्हती. मी विचारलं तर म्हणायची, "मेरी आवाज़ मुझे ही अच्छी नहीं लगती." मी बोलत असताना ती मागच्या रांगेत बसायची, आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलताना मला दिसायचे. कोणाला सांगायचं नाही हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. ते न बोलता ठरलेलं होतं, आणि त्यात आम्हा दोघींनाही चोरून चिंचा खाल्ल्यासारखी मजा वाटायची.

इतर शाळांत अकरावीची मुलं बारावीला निरोप देतात. आमच्याकडे उलटं होतं. सक्सेना मॅमचं म्हणणं असं की जाणारा तो जाणारा, निरोप त्यानंच घेतला पाहिजे. राहिलेल्यांनी काय द्यायचं? म्हणून बारावीच्या मुलांनी स्टेजवर येऊन सहावी ते अकरावीच्या मुलांचा निरोप घ्यायचा, प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे, आणि एकानं मोठं भाषण करायचं. ते भाषण अर्थातच माझ्याकडे आलं. मुख्य अतिथी म्हणून कुठल्याशा महामंडळाचे अध्यक्ष येणार होते. वर्तमानपत्रात त्यांच्यासोबतचा फोटो यावा अशी शाळेच्या व्यवस्थापकांची फार इच्छा होती.

पहिल्या दिवशी आईनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली, देवाला नमस्कार करायला लावला आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. शाळेत आम्ही अकरा वाजल्यापासून अतिथींची वाट पाहत बसलो. समोसे गार झाले. सहावीची मुलं एकमेकांच्या अंगावर झोपली. दीडला सक्सेना मॅमनी कार्यक्रम सुरू केला, आणि मग सुरू झालं रडणं. विपुल शुक्ला नावाचा आमच्या वर्गातला धिप्पाड मुलगा माइकवर म्हणाला, "त्रिपाठी सर, छह साल आपसे बहुत डर लगा। आज नहीं लग रहा," आणि त्यानं खाली उतरून गणिताच्या त्रिपाठी सरांना चक्क उचललं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या हवेतच काहीतरी खास होतं. आता परत कधी यायचं नाही, आता खरं बोलायचं, असं सगळ्यांना वाटत होतं. माझी पाळी आली. नौशीननं लिहिलेलं भाषण मी वाचलं, सुंदरच होतं ते, आणि शेवटच्या ओळीनंतर, माझ्या मनात आधी काहीही नसताना, मी म्हणाले, "एक सच बता के जाना चाहती हूँ. मेरा एक भी भाषण मेरा नहीं था। सब नौशीन ने लिखे हैं."

सभागृह उसळलं. मुली रडत रडत टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, मी किती मोठं काम केलं! छातीत इतकं हलकं वाटत होतं की पायऱ्या उतरताना साडीत पाय अडकून मी पडलेच, तरी हसत उठले. मागच्या रांगेत नौशीनची जागा रिकामी होती. आनंदानं रडायला बाहेर गेली असेल, असं मला वाटलं. आज हे लिहितानासुद्धा त्या समजुतीची लाज वाटते.

तासाभरानं बातमी आली. अतिथींच्या ड्रायव्हरनं त्यांना वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या दुसऱ्याच एका शाळेत नेऊन सोडलं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती बालवाडी होती. तिथल्या बायकांनी घाईघाईत त्यांचं स्वागत केलं, आणि त्यांनी खिशातलं भाषण काढून तीन-चार वर्षांच्या मुलांना जीवनाच्या रणांगणात निर्भयपणे उतरण्याचा उपदेश केला. दोन मुलं भोकाड पसरून रडली म्हणे. अध्यक्ष खूश होऊन घरी गेले.

संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सक्सेना मॅमचा निरोप झळकला. मुख्य अतिथी नाहीत म्हणजे विदाई झालीच नाही. विदाई झाली नाही म्हणजे बारावीचे विद्यार्थी नियमानं अजून गेलेले नाहीत. जे गेले नाहीत त्यांना अभ्यासाची सुट्टी मिळत नाही. तेव्हा उद्यापासून सर्वांनी गणवेशात हजर राहावं.

बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तर्कात चूक काहीच नाही." आई म्हणाली, "मी दही वाया घालवलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली माना घालून वर्गात शिरलो. काल ज्यांनी एकमेकांना आयुष्यभर विसरणार नाही म्हणून मिठ्या मारल्या होत्या, ते "हाय" म्हणायलाही लाजत होते. पहिला तास गणिताचा. त्रिपाठी सर आले, फळ्यावर एक भयंकर समाकलन लिहिलं, खडू झटकला आणि म्हणाले, "आइए, निडर जी." विपुल उठला. त्याला ते गणित आलं नाही. पुढचे बारा दिवस सर त्याला रोज "निडर जी" म्हणून फळ्याजवळ बोलावत होते, आणि निडर जी रोज थरथरत होते.

मधल्या सुट्टीत मी नौशीनला शोधत गेले. ती ऑफिसात होती. क्लार्क वर्माजी तिच्याकडून पाण्याच्या टाकीच्या तक्रारीचा अर्ज लिहून घेत होते, कारण आता सगळ्या शाळेला कळलं होतं की ही मुलगी लिहिते. हिंदीच्या मॅमना वार्षिक अहवाल हवा होता. व्यवस्थापकांना नातीच्या वाढदिवसासाठी कविता हवी होती, आणि नातीचं नाव त्यात दर कडव्याला यायला हवं होतं. अकरावीतल्या तीन मुलांना प्रेमपत्रं हवी होती. त्यातली दोन एकाच मुलीला. मी दारात उभी राहून म्हणाले, "नौशीन, अच्छा हुआ ना, सबको पता चल गया?"

तिनं पेन खाली ठेवलं. "किसने कहा था आपको बोलने को?"

"मुझे लगा, तुम्हारा श्रेय तुम्हें..."

"आप तो जा रही थीं, दीदी. सच बोला, हल्की हुईं, चल दीं. मुझे तो यहाँ एक साल और रहना है." मग म्हणाली, "मुझसे पूछा था?"

वर्माजी मधे म्हणाले, "बेटा, 'टंकी' में बिंदी ऊपर आएगी ना?" नौशीननं मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागली. मी तशीच परत आले. त्या दिवशी घरी आईनं थालीपीठ केलं होतं, लोण्याचा गोळा घालून. मी पहिलाच घास चावत बसले ते बसलेच. आईनं विचारलं काय झालं, तर मी म्हणाले, "काही नाही, तिखट आहे." सई लगेच म्हणाली, "झूठ. ये नौशीन दीदी वाला मामला है. पूरा स्कूल जानता है."

दुसरा निरोप शनिवारी ठरला. वर्माजींनी कार्यक्रमपत्रिका टाइप केली. सक्सेना मॅमनी बजावलं होतं की पहिल्या वेळी जे जे झालं ते सगळं तसंच्या तसं व्हायला हवं, काही गाळायचं नाही. त्यामुळे सातव्या क्रमांकावर लिहिलेलं होतं: "कुमारी ऋजुता का भाषण (रहस्योद्घाटन सहित)." मी मॅमना जाऊन म्हणाले, हे मी परत कसं सांगू, आता त्यात रहस्य काय राहिलं? मॅम म्हणाल्या, "अतिथि महोदय के लिए तो रहस्य ही है."

पण अतिथी दुसऱ्यांदाही आले नाहीत. त्यांना सर्दी झाली. तरी सभागृह सजलं होतं, समोसे तळले गेले होते, म्हणून कार्यक्रम रंगीत तालीम म्हणून झाला. कोणी रडलं नाही. विपुलनं त्रिपाठी सरांना उचलायचं होतं. सरांनी स्वतःच हात वर करून ठेवले, आणि विपुल त्यांना कमरेपर्यंतच उचलू शकला. मी रहस्योद्घाटनाला आले तेव्हा सहावीपासून अकरावीपर्यंत सगळे माझ्याबरोबर एका सुरात म्हणाले, "सब नौशीन ने लिखे हैं!" आणि टाळ्या वाजवल्या. नौशीननं दोन्ही बाह्या तोंडावर ओढून घेतल्या. मी स्टेजवरून बघत होते. सगळी शाळा तिचं नाव ओरडत होती आणि ती दोन्ही खांद्यांच्या मधे नाहीशी होत चालली होती. माझ्यामुळे. हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

तिसऱ्या वेळी आईनं साडीवर इस्त्री फिरवून दिली आणि म्हणाली, "दही संपलंय, तशीच जा." सईनं विचारलं, "दीदी, आज सच में जाओगी या फिर आ जाओगी?" बाबांनी वर्तमानपत्रातून मान न काढता सांगितलं की कुठलाही प्रयोग तीनदा करूनच निष्कर्ष काढावा.

आणि अतिथी आले. उंच, गोरे, खिशात दोन पेनं, मागे फाइल घेतलेले सचिव. गळ्यात हार पडला, फोटो निघाला आणि मग सचिवांनी फाइल उघडली. आत एका नव्या कूपनलिकेच्या उद्घाटनाचं भाषण होतं. निरोपाचं भाषण बालवाडीतच राहिलं होतं. अध्यक्ष न वाचता बोलत नसत, हे सचिवांनी सक्सेना मॅमच्या कानात सांगितलं. मॅमनी सभागृहावर एक नजर फिरवली आणि बोट दाखवलं. नौशीनला वर्माजींच्या खोलीत नेलं, कोरे कागद दिले आणि पंधरा मिनिटं दिली.

त्यामुळे मी बोलायला उभी राहिले तेव्हा ती सभागृहात नव्हती. मी ठरलेलं भाषण वाचलं. रहस्योद्घाटनाची वेळ आली. सगळी मुलं श्वास घेऊन तयार बसली होती. मी कागद खाली केला आणि म्हणाले, "वो वाली बात मैं आज नहीं बोलूँगी. वो मुझे पूछ के बोलनी चाहिए थी. मैंने नहीं पूछा." एवढंच. हे माझं स्वतःचं पहिलं भाषण, आणि ते इतकं छोटं होतं की लोकांना संपलंय हे कळलंच नाही. त्रिपाठी सरांनी एकट्यानं टाळी वाजवली.

मग अध्यक्ष उठले. हातात नौशीनचे दोन कागद. चष्मा लावून त्यांनी भरदार आवाजात सुरुवात केली: "प्यारे बच्चो! जाने वाले अक्सर जाते-जाते सच बोल देते हैं. वे हल्के हो जाते हैं, और उनका बोझ पीछे रह जाने वालों के बस्ते में आ जाता है." सभागृहातून "वाह" आली. सक्सेना मॅम कौतुकानं हसल्या. "मेरे साथ भी यही हुआ. मैं बारह दिन से अर्ज़ियाँ लिख रही हूँ." इथे ते अडखळले, पण न वाचता बोलण्याची सवय नसल्यानं तसेच पुढे गेले. "मैं बहुत नाराज़ थी. मैंने सोचा था कि कभी बात नहीं करूँगी." मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅमनी डोळे मिटून घेतले. महामंडळाचे अध्यक्ष, हार घातलेले, मूठ हवेत उगारून म्हणत होते, "लेकिन दो साल तक मेरी बात जिस आवाज़ में निकली, वह आवाज़ मुझे अपनी आवाज़ से ज़्यादा अच्छी लगती थी. अब वह जा रही है. मैं पिछली लाइन में बैठकर किसके साथ होंठ हिलाऊँगी?"

सभागृह हसत होतं, काही मुलं बाकांवरून खाली सरकली होती. मी स्टेजवर खुर्चीत बसून रडत होते, तेही असं की नाक वाहत होतं आणि पुसायला साडीशिवाय काही नव्हतं. आणि खरी गोष्ट सांगते, अध्यक्षांचाही आवाज शेवटी कापला. त्यांनी चष्मा काढला, कागदांची घडी करून खिशात घातली आणि सक्सेना मॅमना म्हणाले, "क्या कहें, आज दिल से निकल गया." आयुष्यात मी नंतर बऱ्याच मोठ्या लोकांची भाषणं ऐकली. तसं बोलणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

त्या दिवशी मॅमनी आम्हाला अधिकृतपणे जाऊ दिलं. वर्माजींनी रजिस्टरमध्ये आमच्या नावांपुढे शिक्के मारले. मी गेटबाहेर आले तर नौशीन ई-रिक्शाजवळ उभी होती, हात बाह्यांत.

"अतिथि जी ने ठीक पढ़ा?" तिनं विचारलं. ती खोलीतच बसून होती. हशा तेवढा तिला ऐकू आला होता.

"बहुत ही अच्छा पढ़ा," मी म्हणाले. "और मेरा? मैंने जो बोला, वो सुना?"

"नहीं. मैं तो लिख रही थी. क्या बोला आपने?"

सभागृहापुढे जे सहज आलं होतं ते आता येईना. रिक्शावाला भैया घंटी वाजवत होता. मी म्हणाले, "नौशीन, मैं माफ़ी माँगती हूँ, मुझे तुमसे पूछना चाहिए था, लेकिन उस दिन सब रो रहे थे और मुझे लगा कि तुम्हारा नाम सबको..."

तिनं हात बाहीतून बाहेर काढून मला थांबवलं. भुवया अगदी तशाच आक्रसल्या होत्या, जशा ती माझे कागद वाचताना आक्रसायची.

"'पूछना चाहिए था' पे रुकिए," ती म्हणाली. "उसके आगे सब काट दीजिए. माफ़ी में 'लेकिन' नहीं आता. फिर से बोलिए."

मी पुन्हा म्हणाले. ती ऐकत होती, आणि दुसऱ्या शब्दापासून तिचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले.

"हाँ," ती म्हणाली. "अब ठीक है." आणि रिक्शात सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली.